न्हाणीचा परवाना

आमच्या घरातली एकही बादली कधी सरळ नव्हती. बाबा वसईजवळ वालीवला प्लास्टिकच्या कारखान्यात कामाला होते. तिथे बादल्या, मग, बसायची छोटी स्टुलं असं सामान बनायचं, आणि साच्यातून बिघडून निघालेला माल कामगारांना घरी न्यायला मिळायचा. एका बादलीची कड झुकलेली, दुसरीच्या कडीचं भोक भलतीकडे, एका मगात लाल आणि निळा रंग एकमेकांत मिसळलेला. कॉलेजातल्या मैत्रिणीच्या घरी मी पहिल्यांदा गोल कडेची बादली पाहिली आणि तिला हात लावून पाहिला. ती मैत्रीण अजून मला त्यावरून चिडवते.

या बादल्या घराच्या मागे न्हाणीत असायच्या. कामणच्या रस्त्याला आमचं गाव आहे, आणि गावातल्या जुन्या घरांसारखीच आमची न्हाणी परसात होती. मागच्या दारातून दोन पायऱ्या उतरायच्या, मग एक मोठा काळा दगड, तीन बाजूंना भिंती, वर पत्रा. शेजारीच संडास. दगडावरचं पाणी एका चरातून वाहत कुंपणाखालून पलीकडे काकांच्या केळीला जायचं. पलीकडचं घर म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचं. खरं तर घर एकच. दोघा भावांनी वाटण्या केल्या तेव्हा मधे भिंत घातली, चुली वेगळ्या झाल्या, पण कागदावर घर अजून दोघांच्या नावावर एकत्रच होतं.

काकांच्या परसातली केळी गावात प्रसिद्ध होती. भावकीत कुणाचं लग्न निघालं की मांडवाचे खांब तिथूनच जायचे. हळदीच्या जेवणाची पानंही. काकी त्या केळीची आणि तिच्या पायाशी वाढलेल्या अळूची अशी काळजी घ्यायची, जशी काही बायका कपाटातल्या साड्यांची घेतात.

त्या काळ्या दगडावर बाबा घसरले. गणपती नुकतेच गेले होते, परसात सगळीकडे शेवाळं होतं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, बाबा घरी आले, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यापुढे पायऱ्या नाहीत, उकिडवं बसणं नाही, ओला दगड तर नाहीच.

तेव्हापासून आई सकाळी खाटेभोवती जुनी साडी बांधून आडोसा करायची आणि ओल्या फडक्याने बाबांचं अंग पुसायची. मी त्या वेळी ओट्यावर जाऊन बसायची. पुसणं झालं की बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. संडासचं भांडंही खाटेखालीच. जो माणूस पहाटे पाळी सुटल्यावरही घरी येऊन आधी डोक्यावरून पाणी घ्यायचा आणि मगच चहाला बसायचा, त्याची ही अवस्था आम्हाला बघवत नव्हती. एकदा मी विचारलं, काही हवंय का. ते म्हणाले, “मना पानी अंगावर घ्यायचंय. माजं मी. दार लावून.”

एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते मी त्यांना द्यायचंच असं ठरवलं.

आमच्या मधल्या खोलीला लागून एक भाताची खोली आहे. शेत गेल्यापासून तिच्यात भात नव्हता, मोडकी खाट आणि सणाची भांडी होती. तिथे आत न्हाणीघर आणि उंच भांड्याचा संडास करायचा, भिंतीला धरायला दांडे लावायचे, असं मनात होतं. गवंड्याने खोली पाहिली आणि म्हणाला, “ताई, परवानगी-बिरवानगी कशाला? शनवारी फोडतो, सोमवारपर्यंत लाद्या बसतात. आत काय चाललंय ते कोन बघतो?” शेजारच्या दोघांनीही हाच सल्ला दिला, आणि कागदांच्या नादी लागलीस तर तुझे बाबा म्हातारे होतील, अशी वर टिप्पणीही केली.

मला क्षणभर पटलं होतं. पण खाटेवरून बाबा बोलले, “कागद करून घे. या वयात मना चोरून न्हायचं नाय.”

मी घरातली पहिली पदवीधर. वाणिज्य शाखेची, आणि सातिवलीच्या एका गोदामाच्या ऑफिसात हिशेबाचं काम बघते. माझ्या प्रवेशाच्या वेळी बाबा रात्रपाळी करून तसेच कॉलेजच्या रांगेत माझ्यासोबत उभे राहिले होते, केसांत प्लास्टिकचा चुरा घेऊन. कुठला कागद कुठल्या खिडकीत द्यायचा ते त्यांना कळत नव्हतं, पण माझ्या आधी ते प्रत्येक खिडकीपाशी जाऊन विचारून यायचे. तेव्हा आता त्यांच्यासाठी खिडक्या मी गाठायच्या, यात मला काही विशेष वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. शिकलेलं सगळं एकदा तरी घरच्या कामाला यावं.

गाव महानगरपालिकेत आलं आहे, त्यामुळे परवानगी प्रभाग कार्यालयातून. तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी घाबरत विचारलं की एवढ्याशा न्हाणीसाठी अर्ज करतं का कुणी. त्या म्हणाल्या, “करायला हवा. करत नाहीत ही वेगळी गोष्ट.” घरपट्टीची पावती, घराचा उतारा, परवानाधारक इंजिनीअरकडून नकाशा, आणि घर दोघांच्या नावावर असल्यामुळे दुसऱ्या मालकाची संमती. मी विचारलं, बस? त्या हसल्या. “संमतीलाच लोक अडकतात,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, माझे सख्खे काका आहेत. त्यांनी यादी कागदावर लिहून दिली आणि ‘संमती’खाली रेघ ओढली.

नकाशा वसईतल्या एका इंजिनीअरने काढून दिला. मी त्याला सांगितलं होतं की सगळं व्यवस्थित, नियमाप्रमाणे आणि कायमचं व्हायला पाहिजे. त्याने तसंच काढलं. संडासचं आणि अंघोळीचं दोन्ही पाणी पाइपातून नव्या टाकीत, आणि परसातला जुना चर बंद. मला तो नकाशा फार आवडला. आमच्या घराचं असं रेषांमधलं चित्र आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. मी तो परसात उजेडाला धरून आईला समजावला. मोठ्या आवाजात म्हटलं, “आणि हा चर आता कायमचा बंद. ना चिखल, ना डास.” कुंपणापलीकडे काकी अळू खुडत होती. ती हातातली पानं तिथेच ठेवून आत गेली. मला वाटलं, तिचं दूध उतू जात असेल.

संमतीचा कागद घेऊन मी काकांकडे गेले. काका टेम्पो चालवतात, बोलायला मोकळे, मला लहानपणी टेम्पोत पुढे बसवून चिंचोटीपर्यंत फिरवून आणायचे. त्यांनी कागद घेतला, नकाशा उलगडून बराच वेळ पाहिला. “ठेव बाय,” ते म्हणाले, “बघतो.”

पुढच्या वेळी चष्मा सापडत नव्हता. त्यानंतर अमावास्या होती. मग टेम्पोचं काम निघालं. प्रत्येक वेळी काकी मला चहा द्यायची, बाबांची विचारपूस करायची आणि कागदाचा विषय निघाला की चुलीकडे वळायची.

गावात अशी गोष्ट लपत नाही, आणि कारणं सुचवणाऱ्यांची कमतरता नसते. एक म्हणाला, त्यांना मधली भिंत त्यांच्या नावावर हवी असेल. आईचं मत वेगळं होतं. “भिंतीपलीकडं त्यांचा देव हाय,” ती म्हणाली. “देवाच्या पाठीला संडास कोन करून घेईल?” मला एकदम पटलं. ही गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही म्हणून मी कपाळाला हात लावला, इंजिनीअरकडे गेले आणि भांडं समोरच्या भिंतीला नेऊन नवा नकाशा करून घेतला. काकांनी तोही पाहिला. “चांगला काढलाय,” म्हणाले. सही केली नाही.

मी वैतागून बाबांना सांगितलं. ते पडल्या पडल्या म्हणाले, “तो माजा भाऊ हाय. तो नाय म्हननार नाय.”

“नाही म्हणत नाहीत, बाबा. पण होही म्हणत नाहीत.”

“मग तू काहीतरी इचारलंच नसशील.”

मला राग आला. सगळं तर विचारलं होतं, दोन दोन नकाशे दाखवले होते. खिडकीवरच्या बाईंना मी अडचण सांगितली, तेव्हा त्यांनी नियमातला एक मार्ग सांगितला. सहमालकाला रीतसर नोटीस पाठवायची, त्याचं काही म्हणणं असेल तर ते मागवायचं, मग वरचे साहेब दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतात. वेळ लागेल, पण होईल. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत नोटिशीचा मसुदा तयार केला. चांगला झाला होता. संध्याकाळी बाबांना वाचून दाखवला.

बाबा उठून बसायला लागले. मी धरायला गेले तर त्यांनी हातानेच नको म्हटलं आणि कोपरावर जोर देऊन स्वतःच बसले. “भावाला नोटीस?” ते म्हणाले. “अशी न्हानी मना नको. मी पुसूनच घेईन.”

मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आईला सांगितलं, रविवारी भावाला आणि भावजयीला जेवायला बोलव. सहीचं नाव काढायचं नाही.

इथे आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. काकी माझ्या बाबांशी, म्हणजे आपल्या मोठ्या दिराशी, कधीच थेट बोललेली नाही. त्यांच्यासमोर ती डोक्यावर पदर घेते, दारापाशी थांबते आणि काही सांगायचं असेल तर खोलीत जो तिसरा असेल त्याला सांगते. बाबाही तिला काही सांगायचं तर तिसऱ्यालाच सांगतात. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येतं. तरी तिसरा लागतोच. लहानपणापासून तो तिसरा बहुतेक वेळा मीच होते. मला ही रीत जुनाट वाटायची, आणि नोकरी लागल्यावर मी तिच्यावर थोडी हसूही लागले होते. पण आता कळतं, घर चालवायला तिचा उपयोग होता. तिसऱ्याशी बोलताना माणूस भांडत नाही.

रविवारी आईने बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या. काका खाटेजवळ चटईवर बसले. टेम्पोचं, पावसाचं, गावातल्या नव्या इमारतींचं बोलणं झालं. बाबा खूप दिवसांनी पोटभर जेवले. ताटं उचलली गेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून काकी माझ्याकडे बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “बाय, तुज्या बाबांना इचार. न्हानी आत जाऊ दे, आमाला आनंद हाय. पन पानी कुठं जानार?”

मी तोंड उघडलं. टाकी, पाइप, सगळं उत्तर तयार होतं. पण बाबा आधी बोलले, माझ्याकडेच बघून. “पानी कुठं जानार म्हंजे? सांग तिला, जातंय तिथंच जानार.”

काका खाली बघत म्हणाले, “नकाशात चर बंद दाखवलाय, दादा.”

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी नकाशा त्यांना दाखवला होता, पण दांडे कुठे, भांडं कुठे, दार केवढं, एवढंच. चराबद्दल सांगावं असं मला वाटलंच नव्हतं. माझ्या लेखी ते सांडपाणी होतं.

“वाटणी झाली तवा तो चर मी माज्या हातानं मारला,” बाबा मला सांगू लागले, पण बोलत होते भावाशी. “लोक म्हनत होते, भाऊ तुटले. म्हटलं, घर तुटलं, पानी नाय तुटत. तो बंद करायचा असता तर मी तसा कागदावर सांगितला असता का?”

“मना वाटलं तुमीच ठरवलं,” काका म्हणाले. “तुमी दिलेलं. तुमी परत घेतलं तर मी काय बोलनार? धाकट्यानं मागायचं नसतं. पन तेच्यावर माजी सही घेता, ते मना जमंना.”

“हाड बदललंय डॉक्टरनं,” बाबा म्हणाले. “डोकं जुनंच हाय.”

दारात काकी पदर तोंडाला लावून हसली. मग आई हसली. काकांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि चष्मा काढला. इतके दिवस तो तिथेच असणार. ते म्हणाले, “आन बाय, कुठं करायची सही?”

मी म्हटलं, “थांबा काका. आधी नकाशा दुरुस्त होऊ दे.” एवढे दिवस त्या सहीच्या मागे फिरून, ती समोर आल्यावर थांबा म्हणणारी मीच होते. काका म्हणाले, “शिकलेली मानसं.” पण प्रेमाने म्हणाले.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन प्रभाग कार्यालयात गेले. धाकधूक होती. नियमात केळ बसेल की नाही मला माहीत नव्हतं. तिथल्या कनिष्ठ अभियंत्यांना मी सगळं सांगितलं, अगदी वाटणीपासून. मधे एकदा मला वाटलं की आपण जास्तच सांगतोय, पण ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, “संडासचं पाणी टाकीतच गेलं पाहिजे, त्यात बदल नाही. अंघोळीचं पाणी वेगळ्या पाइपाने काढा, मधे जाळीचा खड्डा करा, आणि ते कुठे उघडं साचू देऊ नका. मग केळीला सोडायला माझी काय हरकत?” जागा बघायला आले तेव्हा त्यांनी टेप लावून सगळं मोजलं, आणि जाताना कुंपणाशी उभे राहून केळीकडे पाहिलं. काकीने त्यांना अळूची जुडी देऊ केली. त्यांनी हात जोडले, पण घेतली नाही.

नवा नकाशा झाला. काकांनी आमच्या खाटेवर बसून, बाबांच्या गुडघ्याजवळ कागद ठेवून सही केली.

परवानगी मिळाली त्या दिवशी खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “झालं का काकांचं?” मी म्हटलं, त्यांचं काहीच नव्हतं, माझंच विचारायचं राहिलं होतं. त्यांनी मला शिक्का मारलेला कागद दिला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. मी बाहेर येऊन पायरीवर उभी राहून तो पुन्हा वाचला. बाबांचं नाव, काकांचं नाव, घराचा क्रमांक, आणि खाली ‘परवानगी देण्यात येत आहे’. पदवीचं प्रमाणपत्र हातात पडलं तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. ते माझं एकटीचं होतं.

घरी बाबांनी तो सगळा वाचून घेतला, अटींसकट. जाळीच्या खड्ड्याची अट आली तेव्हा म्हणाले, “पुन्यांदा वाच.” आईने कागदाला हळदीकुंकू लावलं. भिंतीवर माझा पदवीच्या झग्यातला फोटो आहे, त्याच्या शेजारी तो लावायला बाबांनी सांगितलं. मी म्हटलं, बाबा, न्हाणीचा परवाना कुणी भिंतीवर लावतं का? ते म्हणाले, “आपन लावतो.”

मग काम सुरू झालं, दिवसाढवळ्या, दारं उघडी टाकून. तोच गवंडी, तीच खोली. दांड्यांची उंची बाबांच्या हातावरून घेतली. खाटेवर बसून ते हात पुढे करायचे, गवंडी त्या हाताखाली टेप धरायचा. परसातला काळा दगड काढला नाही, त्यावर आता तुळस आहे. आणि चर काकांनी स्वतः साफ केला. टेम्पो बंद ठेवून, फावडं घेऊन, कुंपणापासून केळीपर्यंत. आई त्यांना म्हणाली, मजूर लावा भावजी. ते म्हणाले, “पहिला दादानं मारलेला. आता माजी पाळी.”

बाबांच्या पहिल्या अंघोळीसाठी मी एक नवी बादली आणली होती, सरळ कडेची, दुकानातून. त्यांनी ती पाहिली आणि झुकलेल्या कडेची जुनी आणायला सांगितलं. आत त्यांच्याच कारखान्याचं स्टूल ठेवलं होतं. ते काठी टेकत गेले, मग दांडा धरला, मग दुसरा. मी म्हटलं, बाबा, कडी लावू नका, नुसतं लोटून घ्या. त्यांनी ऐकल्यासारखं केलं आणि कडी लावली.

आम्ही दोघी बाहेर उभ्या राहिलो. आधी काहीच आवाज नाही. आईने माझं मनगट धरलं होतं. नंतर बादलीत मग बुडल्याचा आवाज आला आणि पाणी अंगावरून लादीवर पडलं. पुन्हा एकदा. आणि पुन्हा. आई तिथेच दाराला पाठ लावून खाली बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. मी मागच्या दाराने परसात गेले.

पाइपातून साबणाचं पाणी येत होतं, जाळीत फेस मागे राहत होता, आणि खाली चरात वळून ते कुंपणाखालून पलीकडे जात होतं. केळीपाशी काकी उभी होती. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. पाणी तिच्या पायाशी आलं तसा तिने डोक्यावरचा पदर नीट केला, न्हाणीघराच्या छोट्या खिडकीकडे तोंड केलं आणि माझं नाव घेऊन, कधी बोलत नाही इतक्या मोठ्याने म्हणाली, “बाय, सांग तुज्या बाबांना. पानी आलं.”

मी सांगायला वळणार, तोच खिडकीतून बाबांचा आवाज आला. “सांग तिला,” ते म्हणाले, “अजून येतंय.”

मी दोघांच्या मधे उभी होते. मला कुणालाच काही सांगावं लागलं नाही. आत आणखी एक मग रिकामा झाला, आणि चरातलं पाणी थोडं वाढलं.